अण्णांची आखाजी

यावल
१८ एप्रिल २०२४

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर अण्णांचा विषय निघाला आणि तू 'असो' म्हणून कापसाच्या भावावर गेलास. तीन वर्षं हेच चाललंय. वहिनी सांगत होत्या, रात्री दोनला उठून बसतोस. म्हणून हे पत्र.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत, तुझे अण्णा गेले. तोंड बघायला मिळालं नाही, खांदा देता आला नाही. दारावर कुणी आलं नाही. सुतक संपतानाची गंधमुक्तीही घरच्या घरी उरकली. एरवी आपल्याकडे माणूस गेला की घर दहा-बारा दिवस भरलेलं असतं. बाया अहिराणीत गुण आठवून आठवून रडतात, म्हातारे ओट्यावर बसून तीच हकिकत पुन्हा पुन्हा ऐकतात. त्या ऐकण्यातच दुःख थोडं थोडं उपसलं जातं. तुझं तसंच साचून राहिलं, असं मला मनापासून वाटतं.

आणि तू एकटा नाहीस रे. साथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं. २००३ च्या सार्सच्या साथीतून वाचलेल्या हाँगकाँगच्या अनेक रुग्णांनाही पुढे कित्येक वर्षं मनाचा त्रास राहिला.

आमच्या दादाचंच बघ. केळी भरायला आलेला ट्रक मागे घेताना टुंग-टुंग वाजला, की तो हातातला विळा टाकून बांधावर बसायचा. अंगाला दरदरून घाम. कोरोनात तो आयसीयूत होता, तिथलं मशीन असंच वाजायचं म्हणे. शेजारच्या खाटा रिकाम्या होताना त्यानं पाहिल्या होत्या. भावकीत लोक 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणाले, त्याचा मला फार राग आला. शेवटी जळगावला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या मोजक्याच, बोलणं जास्त. हळूहळू झोप लागायला लागली. आवाजानं आजही दचकतो, पण काम सोडून बसत नाही.

तुला लगेच डॉक्टर नको असेल तर १४४१६ वर फोन लाव. मनाच्या त्रासासाठीची टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रीसुद्धा चालू असते आणि मराठीत बोलतात. झोपेचं तेवढं सांग, बाकीचं ते विचारतील.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मेला आहे. अण्णांच्या नावाची घागर पुण्यात भरू नकोस, आईला घेऊन अमळनेरला ये. मातीचं डेरगं, खरबूज मी आणतो, सांजोऱ्या आमच्याकडून येतील. मामांना आणि ओट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना मी आधीच सांगून ठेवलंय. त्यांनाही अण्णांबद्दल बोलायचंय, त्यांचंही राहूनच गेलंय.

गाडीची वेळ कळव, स्टेशनवर घ्यायला येतो.

तुझा,
प्रकाश