आप्पांचं लहानपण सांगणाऱ्यांचे आभार

आप्पांच्या तेराव्याला तरडगावाकडून आलेल्या वडीलधाऱ्यांनो, तुम्ही सांगितलेले आप्पा आम्हाला ठाऊकच नव्हते! माउलींची पालखी चांदोबाच्या लिंबाला पोचली की उभ्या रिंगणात अश्व दौडायचा आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला हा पोरगा चुलत्याच्या खांद्यावरून थेट खाली उडी टाकायचा. घरी आजी दिंडीसाठी भाकऱ्या थापायची. पहिली वारकऱ्याची, मग पोरांची. (आम्ही पाहिलेले आप्पा देवळाबाहेर चपला राखत बसायचे.)

पहिल्या दिवशी पिठलं-भात पोचवणारे, रात्री टाळ घेऊन भजनाला बसलेले, पातेली परस्पर घासून ठेवणाऱ्या बायका, सगळ्यांचे मनापासून आभार. तुळशीमाळेतल्या छोट्या आप्पांचा फोटो ज्यांनी दिला, त्यांनी निरोप धाडावा. प्रत काढून झाली आहे.