टेकडी गेली, आता बाग आम्हालाही बघू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्न होऊन मी इंदूरला आले ती मुसाखेडीच्या घरात. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी बजावलं, "संध्याकाळी देवगुराडियाकडचा वारा सुटला की आधी दोरीवरचे कपडे आत घ्यायचे, मग खिडक्या लावायच्या." ट्रेंचिंग ग्राउंडवर, म्हणजे देवगुराडियाजवळच्या शहराचा कचरा टाकायच्या जागेवर, कचरा पेटला की त्यांच्या धुवून वाळत घातलेल्या नऊवारीला जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. तो दुसऱ्या धुण्यातही जात नसे. महाशिवरात्रीला देवगुराडियाच्या महादेवाला आम्ही पदर नाकाला लावूनच जायचो.

ती कचऱ्याची टेकडी आता नाही, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. सुमारे 100 एकरांवर पसरलेला 13 लाख टनांच्या आसपासचा जुना कचरा 2018 मध्ये अवघ्या काही महिन्यांत उपसला गेला. बायोमायनिंग हे नाव भारी वाटतं, पण काम आपल्या घरच्या चाळणीचंच. ढीग फोडून त्याच्या लांब रांगा करायच्या, त्यावर जिवाणूंचं द्रावण फवारायचं, उलथापालथ करून ते वाळू द्यायचं आणि मग फिरत्या चाळणीत घालायचं. माती खाली पडते, प्लास्टिक-चिंध्या एकीकडे, दगड-विटा दुसरीकडे. जळण्याजोगं सिमेंटच्या भट्ट्यांना जातं. यंत्रं विकत न घेता भाड्याने आणल्यामुळे महापालिकेचा खर्चही 10 कोटींच्या आत राहिला.

मोकळ्या झालेल्या जमिनीवर झाडं लागली. त्याच आवारात फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या पालिकांची पथकं हे सगळं बघून जातात. आमच्या महिला मंडळात मात्र मी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी आत जाऊन ती झाडं पाहिलीत?" एकीचाही हात वर झाला नाही. ओला-सुका वेगळा करून रोज सकाळी कचरागाडीत टाकणाऱ्या याच बायका. त्यांना तिथे चार पावलं चालता यावं, बाकावर बसता यावं, एवढंच माझं मागणं आहे.

मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी, कचरा टाकायची जागा होती. 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या हातून तिथे पहिलं झाड लागलं आणि 1994 मध्ये 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुलं झालं. माझ्या भावाने मला तिथे नेलं होतं. आपण एकेकाळच्या उकिरड्यावर उभे आहोत, हे सांगूनही पटेना.

पण आपल्याकडे बाग करायची ती नीट करावी. जिथे कचऱ्यावर नुसती माती लोटून तो झाकतात, तिथे जमीन वर्षानुवर्षं खचते आणि आतून मिथेन येत राहतो. म्हणूनच 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांत अशी जागा बंद केल्यावर किमान 15 वर्षं देखरेख सांगितली होती आणि वायू, झिरपणारं पाणी व जमिनीची मजबुती तपासल्याखेरीज ती वापरात आणू नये असं म्हटलं होतं. आपल्याकडे कचराच उपसला, ही मोठी जमेची बाजू. तरी इतकी वर्षं त्यातून झिरपलेलं काळं पाणी जमिनीत मुरलेलं असणार. आसपासच्या विहिरी आणि बोअरिंगच्या पाण्याचे अहवाल बागेच्या फाटकावर लावावेत, हिंदीत आणि मराठीतही.

मातीचंही तसंच. मागे एकाने जुन्या कचऱ्यातून चाळलेली माती कुंड्यांसाठी आणून दिली. काळी, भुसभुशीत, बघून हात घालावासा वाटला. मुठीत घेतली तर काचेचा चुरा, पिशवीचे धागे आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा. मोगरा तिच्यात छान फुलला, पण कोथिंबीर मी पेरली नाही. अशा मातीत जड धातू असू शकतात. म्हणून मुलं जिथे बसतील, लोळतील, तिथे वरून चांगल्या मातीचा जाड थर हवा. झाडं कडुनिंब, करंज, वड अशी सावलीची लावावीत, खाण्याच्या फळांची नकोत.

आणखी एक. ज्या बायकांनी उन्हातान्हात त्या ढिगांवर भंगार वेचून पोरं वाढवली, त्यांच्यातल्या काहींना बागेच्या देखभालीचं कायमचं काम द्यावं. आलेल्या मुलांना ही जागा आधी कशी होती ते त्यांच्याच तोंडून कळू द्या.

रोज शक्य नसेल तर निदान येत्या महाशिवरात्रीला, जत्रेच्या दिवशी, फाटक उघडून बघावं. देवळापर्यंत गर्दी येतेच. सासूबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांना खुर्चीत बसवून न्यायची आमची तयारी आहे.

आपली,
एक वाचक, मुसाखेडी, इंदूर