पेठेत परत या, आणि जमेल तेवढा हातभार लावा

नमस्कार सांगलीकर मंडळी,

आमच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर तीन रेघा आहेत, 2005, 2019 आणि 2021. पुराचं पाणी कुठवर चढलं त्याच्या. पहिली वडिलांनी मारली, बाकीच्या मी. सगळ्यात वरची 2019 ची, तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी 45 फूट आहे, म्हणजे बघा. गाळ उपसला, कुजलेल्या साड्यांचे गठ्ठे बाहेर टाकले, उधारी करून माल भरला, जरा कुठं बसतंय तोवर लॉकडाऊन.

तरी पेठ उठली. पण गिऱ्हाईक मात्र विश्रामबागकडं आणि मोबाईलवर गेलं ते गेलंच. हरभट रोड, मारुती रोडला सणवार सोडले तर रात्री आठलाच निम्मी शटर खाली येतात, बाहेरगावची माणसं गणपती मंदिरात दर्शन घेतात आणि तशीच गाडीत बसून जातात. फार वाईट वाटतं हो.

म्हणून आम्ही पेठेतले दुकानदार आणि वर राहणारी कुटुंबं मिळून कामाला लागलोय. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी रस्त्याचा थोडा भाग गाड्यांना बंद ठेवायचा, त्याच्या परवानगीसाठी अर्ज तयार करतोय. बचत गटांना टेबल फुकट, हळद, भडंग, बेदाणा सगळं आपल्याच भागातलं. पोरांना खेळायला जागा, म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या. आणि 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन, विष्णुदास भाव्यांनी 1843 ला सीतास्वयंवर याच गावात केलं, मग त्या दिवशी चौकात कॉलेजच्या पोरांच्या एकांकिका का नकोत?

दुसरं काम दिसत नाही पण माझ्या मते तेच जास्त गरजेचं. शेजारच्या टेलरकाकांनी उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीसाठी, एका एजंटला दीड हजार दिले, ती नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते! कित्येकांनी दुकानाच्या विम्यात पूर धरलाय का हे पॉलिसी उघडून बघितलेलंच नाही, पाणी ओसरल्यावर कळतं. हातगाडीवाल्यांना पीएम स्वनिधीचा, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्जयोजनेचा, फॉर्म भरता येत नाही. यासाठी दर शनिवारी दुपारी आम्ही एका दुकानात टेबल टाकून बसणार आहोत, फी नाही.

आता तुमच्याकडं मागणं. मांडव, लाइट, साउंड, फिरतं शौचालय याला पैसे लागतात. दुकानदारांनी 500 ठरवलेत, तुम्ही 50 दिले तरी पावती मिळणार. पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका, आमच्यातला असला तरी. जमाखर्च दर महिन्याला चौकातल्या फळ्यावर लागेल. सीए, विम्यातली माणसं, कॉम्प्युटर येणारी पोरंपोरी, शनिवारचे दोन तास द्या, आम्हाला त्याची पैशापेक्षा जास्त गरज आहे. पुण्या-मुंबईला असलेल्या सांगलीकरांनो, गणपतीला घरी याल तेव्हा एक खरेदी पेठेत करा, संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी जातो तेव्हा तर येताच.

पावतीपुस्तकं पेठेतल्या ज्या दुकानांवर पिवळा कागद लावलाय तिथं आहेत. नाव द्यायचं असेल तरी तिथंच सांगा, दुकानं सकाळी दहाला उघडतात.