ट्यूबलाइट बंद करायला लावणाऱ्या नानांना

नाना, सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही "बरं बरं" म्हणत ते खिशात घातलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. माझे फोटो पाहून लोक हल्ली विचारतात, कोणतं ॲप वापरता, कोणता फिल्टर लावता? कॅमेऱ्यातून आलेला फोटो तसाच आहे म्हटलं की त्यांना मी काहीतरी लपवते आहे असं वाटतं. आज सगळंच सांगून टाकते, कारण फोटो काढायला मला तुम्हीच शिकवलंत.

तुमचा हात बसला तो स्लाइडच्या, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या पारदर्शक फोटोंच्या, रोलवर. निगेटिव्ह असेल तर प्रिंट काढताना बरंच सावरून घेता येतं. स्लाइडचं तसं नाही. कॅमेऱ्यात जे उतरलं तेच शेवटचं, आणि अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे झाला तरी पडद्यावर लगेच दिसतो. त्यामुळे सगळी दुरुस्ती बटण दाबायच्या आधीच उरकायची तुम्हाला सवय. अमळनेरच्या तुमच्या त्या चिंचोळ्या स्टुडिओत तीच तुम्ही माझ्या गळी उतरवलीत. "आधी देख, मंग दाब." किती वेळा ऐकलं असेल ते तुम्हालाच ठाऊक.

"कापूस असला की प्लस, म्हैस असली की मायनस" हे तर मी आता दुसऱ्यांनाही शिकवते. समोर काय आहे हे कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही, तो सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं धरून चालतो. म्हणून जिनिंगमधली कापसाची गंजी मळकट येते आणि काळीभोर म्हैस धुरकट. पांढऱ्याला एक-दीड स्टॉप वाढवायचा, काळ्याला तेवढाच उतरवायचा. एवढंसं काम, पण ते जागेवर केलं नाही तर मग कॉम्प्युटरवर रात्र जाते.

आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हाचंही तुम्ही मला भय ठेवलं नाहीत. पारा ४४-४५ वर गेलेला, डोक्यावरचं ऊन, डोळ्यांच्या खोबणीत काळोख. अशा वेळी अंगणात चेहऱ्याचा फोटो काढायला तुम्ही सरळ नकार द्यायचात. माणसाला ओट्यावर घ्यायचं, सावलीच्या अगदी कडेला, तोंड उजेडाकडे. तरीही गाल काळवंडले तर कुणाला तरी पांढरं धोतर ताणून धरायला उभं करायचं. उघड्या उन्हातल्या देखाव्यासाठी मात्र आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद, ॲपर्चर (लेन्सच्या भोकाचा आकडा) १६; मीटर बंद पडला तरी हरकत नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्याला हिरवट करतो, तिथे तुमचं एकच सांगणं: कोरा कागद त्याच उजेडात धरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) लावा, नाहीतर माणसाला बांधावर आणा. मला बांध जास्त पटतो.

पण खरं ऋण कानबाईचं, आमच्या खान्देशातल्या देवीचं, आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाचा मुखवटा, नथ, दागिने, पुढे समया आणि रोटांचा नैवेद्य. पूर्वी कुणीही फोटो काढला की त्यात पांढराफटक नारळ, फ्लॅशचा ठिपका मारणारं सोनं आणि मागच्या भिंतीवर मोठी सावली. तुम्ही आलात, फ्लॅश काढून पिशवीत टाकलात आणि काकूंना म्हणालात, "ट्यूब बंद करा." काकू रागावल्या, देवीपुढे अंधार करायचा म्हणजे काय! पण समयांचा पिवळा आणि ट्यूबचा निळसर-हिरवा उजेड एकत्र आला तर कोणताही व्हाइट बॅलन्स दोघांना न्याय देत नाही, हे तुम्ही त्यांना इतकं शांतपणे समजावलंत की शेवटी त्यांनीच उठून बटण दाबलं. मग व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हाच्या चिन्हावर. ऑटो दिव्यांचा पिवळेपणा धुऊन काढायला बघतो, आणि आपल्याला तर तोच हवा होता. ५० एमएमची लेन्स, ॲपर्चर २, शटर १/६०, आयएसओ १६००, कोपर दाराच्या चौकटीला टेकवलेलं. आणि एक समई जराशी डावीकडे सरकवलीत, की नथीचा एकेक मोती सुटा दिसायला लागला. आरतीच्या आवाजात तुम्ही श्वास रोखून उभे. सोमवारी सकाळी विसर्जनाला निघालेल्या बायका तोच फोटो एकमेकींना दाखवत होत्या.

तुमचं सगळंच मला मान्य आहे असं मात्र नाही. एडिटिंग म्हणजे खोटेपणा, हे तुमचं मत मी मानत नाही. तुम्ही स्वतः लग्नाळू मुलींच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करायचात की! आणि कॅमेरा जेपीईजी, म्हणजे तयार फोटोची फाइल, बनवतो तेव्हा रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस तो स्वतःच ठरवत असतो. अगदी हात न लागलेला फोटो कुठे असतो? रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये बाहेरच्या फोटोग्राफरांना सांगितलं की रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, बनवलेले फोटो पाठवू नका, मूळ जेपीईजीच द्या. त्यांचं बातमीचं काम, त्यांना ते शोभतं. माझं कारण साधं आहे. जागेवर दोन पावलं सरकून डोक्यामागचा विजेचा खांब टाळता येत असेल तर घरी बसून तो पुसायचा कशाला? त्या वेळात भरीत-भाकरी होते.

वांग्याचा विषय निघालाच आहे तर, काकूंनी तुम्हाला दोघांना जेवायला बोलावलंय. येताना स्लाइडची ती लाकडी पेटी आणा. पावसाळ्याच्या ओलीने त्यांना बुरशी धरते, एकदा सगळ्या नीट पाहून घेऊ. प्रोजेक्टरचा बल्ब मी मागवून ठेवला आहे.

तुमची,
स्टुडिओतली जुनी विद्यार्थिनी