वाइनवर लिहिता ना, मग दुकानातल्या उकाड्यावर पण लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली अधूनमधून वाइनवर लेख येतो, मी न चुकता वाचते, आणि दर वेळी वाटतं की हा लेख नक्की कुणासाठी लिहिलाय? ग्लास दांडीला धरा, हलकेच फिरवा, नाक आत घाला, मग ब्लॅककरंट, सीडार आणि ओल्या दगडाचा गंध. अहो, दादरच्या मार्केटात कुणी ब्लॅककरंट पाहिलंय का? आणि लिहिणारा वाइन कंपनीच्या खर्चाने नाशिकला जाऊन आला की स्वतःच्या पैशाने, हे लेखात कुठेच नसतं. पाहुणचार घेतला असेल तर घेतला, त्यात पाप नाही, पण शेवटी एक ओळ टाका ना तसं.

माझं म्हणणं एवढंच की जो माणूस खिशातले हजारभर रुपये मोजून बाटली घरी नेणार त्याच्यासाठी लिहा. त्याला मुंबईत पहिला प्रश्न येतो तो उकाड्याचा, आणि त्यावर मी आजवर एक ओळ वाचलेली नाही. आपल्याकडची वाइन शॉप म्हणजे नावालाच वाइन, आत सगळी व्हिस्की-बिअरची गर्दी, फ्रीज बिअरने भरलेला आणि वाइन बिचारी सगळ्यात वरच्या फळीवर ट्यूबलाइटच्या खाली उभी. शटर पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन थेट बाटलीवर. वाइनला साधारण 12 ते 15 अंश मानवतात, एप्रिल-मेमध्ये त्या फळीवर तीसच्या खाली पारा उतरत नसणार, आणि तिथे ती महिनोन् महिने पडून असते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका दुकानातून मी शेनिन ब्लां ही पांढरी वाइन आणली, घरी येऊन बघते तर बूच काचेच्या कडेवर आलेलं, वरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ, रंग पिवळसर हिरवा असायला हवा तो फिक्या चहासारखा, आणि वास भिजवलेल्या मनुकांच्या पाण्याचा. दुकानदार म्हणतो मॅडम जुनी वाइन चांगलीच असते! बरं ह्यात नाशिकवाल्यांचा काय दोष, त्यांनी चांगलाच माल पाठवला असेल.

म्हणून लेबलवरचं वर्ष बघायला शिकवा लोकांना. आपल्याकडे एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी, मग पावसाळा सरताना फळ छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात तीच तोड ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे लेबलवर एकच साल असलं तरी नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा सहाएक महिन्यांनी मोठी, आणि आपल्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात, जपून ठेवायच्या नसतात. तीन वर्षांपूर्वीची सॉव्हिन्यॉ ब्लां डिस्काउंटमध्ये दिसली तर का डिस्काउंट आहे ते कळायला नको? आणि फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल हाही एक गैरसमज, सुलासारख्या कंपन्या मुद्दाम ते वापरतात, बूच बिघडायची भानगडच नाही.

वासांचं म्हणाल तर माझा वासांना विरोध नाही, उलट तोच भाग मला सगळ्यात आवडतो, फक्त आपल्या स्वयंपाकघरातले वास सांगा, आणि ते खोटे नसतात. सॉव्हिन्यॉ ब्लांमध्ये ढोबळी मिरची चिरल्यासारखा जो वास येतो ना, तो पायराझिन नावाच्या द्रव्यांचा, आणि तीच द्रव्यं खरोखर ढोबळी मिरचीत असतात. शिराझ ह्या लाल वाइनमधली काळी मिरी तर अगदी पक्की, रोटंडोन म्हणून एक द्रव्य आहे, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं की मिरीचा वासही त्याचाच आणि शिराझचाही. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास, ते द्रव्य पाण्यात भरपूर घातलं तरी येतच नाही! आमच्याकडे मला येतो, ह्यांना ढिम्म येत नाही, आणि इतकी वर्षं ते मला नाटकी म्हणत होते.

नाक फसतं हेही लिहा. 2001 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या काही संशोधकांचा एक अभ्यास छापून आला, त्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून ती वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना दिली होती, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या पोरांची ही तऱ्हा, मग कंपनीच्या अंगणात, लेबल समोर ठेवून, मालक शेजारी बसलेला असताना घेतलेल्या घोटावर चार स्टार द्यायचे म्हणजे कमालच की. निदान बाटली कागदात गुंडाळून चाखा.

2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचं सरकारने ठरवलं तेव्हा सगळ्या पेपरांत पानंच्या पानं भरली, संस्कृती बुडाली इथपासून शेतकरी तरला इथपर्यंत. शेतकऱ्याच्या नावाने बोलायचं तर 2008 नंतरच्या मंदीत माल उचलला गेला नाही म्हणून कितीजणांनी वाइनच्या बागा तोडल्या, त्यांनाही कुणी जाऊन विचारावं, कारण ती बारीक, जाड सालीची, बियांची द्राक्षं मंडईत कोण घेणार? पण त्या सगळ्या गदारोळात सुपरमार्केटात एसी रात्री बंद करतात का, एवढा साधा प्रश्न कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

तर पुढच्या लेखात बाटलीचं साल, मुंबईतली किंमत, कुठल्या दुकानातून आणली आणि तिथे ती कशी ठेवली होती एवढं छापा. हॉटेलात ग्लासवर मागवायची असेल तर बाटली कधी उघडली ते वेटरला विचारायला सांगा, काल-परवाची असेल तर सरळ दुसरी उघडायला लावा, आणि नाही म्हणाला तर बिअर मागवा.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)