शुक्रवारची प्रार्थना सभा : वहीतल्या जुन्या विनंत्या

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता नेहमीच्या घरी सभा आहे. यावेळी नव्या विनंत्या घेणार नाही. वहीत वर्षानुवर्षं तशाच राहिलेल्या विनंत्या पुन्हा वाचू. लूम बंद पडल्यापासून काम शोधणारे भाऊ, मूल व्हावं म्हणून थांबलेलं जोडपं, डायलिसिसच्या फेऱ्या. माझ्याही घरची एक आहे. त्या पानाची कड आता काळी पडलीय.

वाचन पवित्र शास्त्रातली स्तोत्रं १३ आणि ८८. तेराव्यात दावीद पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा ‘कोठवर?’ विचारतो, शेवटी मात्र गातो. अठ्ठ्याऐंशी तसं नाही, ते अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं उत्तर मिळालं.

एक कळकळीची विनंती: ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं कोणी कोणाला म्हणू नये. मागच्या खेपेला एक ताई यावरून रडत घरी गेल्या. चूक आपलीच होती. रडायचं असेल तर इथे रडा, गप्प बसायचं असेल तर गप्प बसा.

ज्यांच्या नळाला त्या दिवशी पाणी येणार असेल त्यांनी भरून घेऊन सावकाश यावं. चहा साडेआठला. पवित्र शास्त्र आणि चष्मा विसरू नका.