बैठकीत माझ्या बाजूने बोललेल्या ताईंना

प्रिय ताई,

समोरासमोर आभार मानले असते तर तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते इतरांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

त्या बैठकीत अर्धवट राहिलेलं काम अहवालात पूर्ण दाखवायचं ठरत होतं. हे खरं नाही, असं मी म्हटलं आणि सगळे गप्प झाले. माझा आवाज बसायला लागला होता, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मलाही हे पटत नाही. जेवढं झालंय तेवढंच लिहू." ना भाषण, ना कुणावर ठपका. अहवाल दुरुस्त होऊन उशिरा गेला. काही जण नाराज झाले आणि त्या नाराजीतला निम्मा वाटा तुम्ही आपणहून उचललात.

पुढे सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचे १९५०च्या दशकातले प्रयोग वाचनात आले. तीन रेघांपैकी कोणती नमुन्याच्या रेघेएवढी, इतकाच प्रश्न. एकट्याने उत्तर देताना जवळपास कुणीच चुकत नसे. पण बाकीच्यांनी, आधी ठरवून, एकमुखाने चुकीचं उत्तर दिलं की एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं त्यांच्याकडे झुकत. खरं बोलणारा एकच सोबती मिळाला, तर चुका आधीच्या साधारण एक चतुर्थांशच उरत! तो सोबती काम आहे म्हणून मध्येच निघून गेला, तरी त्याचा आधार बराचसा टिकायचा. तोच बहुमताला जाऊन मिळाला, तर मात्र टिकत नसे.

हे वाचताना तुम्हीच डोळ्यांसमोर होतात. सचोटी म्हणजे एकट्याने छातीठोकपणे उभं राहणं, अशी आपली समजूत असते. मला ती अपुरी वाटते. साध्या माणसाला खरं बोलायला बहुतेक वेळा शेजारी एक माणूस लागतो, आणि तसा माणूस होणं हे आयुष्यभर पुरेल असं काम आहे.

बैठकीनंतर तुम्ही मला शाबासकी दिली नाहीत. एवढंच विचारलंत, "हा अहवाल वाचून कोण काय ठरवणार आहे?" तेव्हापासून कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मी हा प्रश्न स्वतःला विचारते. आपण काम कुणासाठी करतो, हे मला कुठल्याही मोठ्या ध्येयवाक्यापेक्षा या प्रश्नाने जास्त नीट दाखवलं.

तुम्ही दुसरीकडे गेलात, तरी इथे एक सवय राहिली आहे. नव्यांपैकी कुणी अडखळत शंका काढली आणि ती पटली, की मी तिथेच, सर्वांसमोर तसं सांगते. नंतर बाजूला घेऊन 'तुझं बरोबर होतं' म्हटल्याने त्याला काय आधार मिळणार?

परवा आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलीने, दिलेल्या मुदतीत काम नीट होणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मी दुजोरा देणार, त्याआधीच दुसऱ्या एकाने तो दिला. हे तुम्हाला कळवायचं होतं.

तुमची,
एक जुनी सहकारी